उभ्या गाडीतला कट्ट

कोथिंबीर अर्धी निवडून झाली, तोच खालून नवऱ्याचा, प्रबोधचा फोन आला. "संजीवनी, खाली ये. गाडीचा आवाज बघायला क्षिप्रा आलीय."

क्षिप्रा त्याच्या बँकेतली. तिला गाड्यांतलं किती कळतं, हे संजीवनी रोज जेवणाच्या ताटावर ऐकत होती. त्याच जळफळाटात तिने आठवडाभर दुपारची पोथी आटोपती घेऊन गुपचूप गाडीदुरुस्तीचे व्हिडिओ पाहिले होते.

कार पार्कमध्ये क्षिप्रा सांगत होती, "प्रबोध, चाकं वळवणारा तुझा स्टिअरिंग रॅक गेलाय." त्या एकेरी हाकेनेच संजीवनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"रॅक नाही," ती म्हणाली. "तो गेला असता तर देवळाच्या वाटेवरच्या गतिरोधकांवर खडखडला असता. तिथे गाडी गप्प असते. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवलं की कट्ट होतं. वहीत रोज लिहिलंय मी."

"वहिनी, वहीत रामनाम लिहितात!"

"तेही लिहिते. त्याच्याखाली हे."

संजीवनीने वाकून पुढच्या चाकामागच्या स्प्रिंगवर तळवा ठेवला. "अहो, फिरवा स्टिअरिंग." स्प्रिंग पिळत गेली आणि कट्टकन सुटून जागेवर आली. "स्प्रिंगच्या वरचं बेअरिंग अडकतंय, म्हणून ती पिळते. हात लावून बघ."

क्षिप्राने हात लावला. "खरंच की हो!"

"बघ क्षिप्रा," प्रबोध खुशीत म्हणाला, "तू आलीस म्हणून सापडलं."

संजीवनीने मनात तीनदा रामाचं नाव घेतलं आणि देवासाठी फुलं आणायला ती बेडोकच्या बाजाराकडे चालू लागली.