दादाच्या रायफलला स्कोप हवा होता

दुबईत सगळं स्वस्त मिळतं, असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांनी ही पोस्ट नीट वाचावी. माझ्या थोरल्या भावाला तसं वाटत होतं. दादा नामिबियात बोअरवेलची कामं घेतो आणि थंडीच्या मोसमात मित्राच्या फार्मवर परवाना काढून हरणाची शिकार करतो. यंदा तो आमच्याकडे दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसला आला तो बहिणीच्या ओढीने नव्हे. त्याला त्याच्या हलक्या रायफलवर बसवायला परवडेल असा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, हवी होती. जुनी खराब झाली म्हणे.

खराब कशावरून, तर गेल्या मोसमात मावळतीच्या उजेडात त्याने एका हरणावर गोळी झाडली, ती पोटात लागली. जनावर काटेरी झुडपांत पळालं आणि सापडलंच नाही. "रक्ताच्या मागावर अंधार पडेपर्यंत फिरलो, सुजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो," तो जेवताना म्हणाला. "जनावर एका गोळीत पडलं पाहिजे. जखमी करून सोडणं म्हणजे पाप. पुन्हा तसं झालं तर मी शिकार करायच्या लायकीचा नाही." आमच्या लेकीने ताटातून मान वर न करता "दॅट्स हॉरिबल, मामा" असा शेरा दिला. दादाने पुढे कोशिंबिरीलाही हात लावला नाही.

माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, आयुष्यात जत्रेतल्या फुग्यांवरसुद्धा नेम धरलेला नाही. पण रात्रभर व्हिडिओ बघून सकाळी तो तज्ज्ञ झाला होता. त्याच्या आग्रहाने आम्ही आधी दुबईतल्या एका झकपक दुकानात गेलो. चामड्याचे सोफे, काचेच्या कपाटात ससाण्यांच्या डोक्यावर घालायच्या टोप्या, आणि बसल्या बसल्या समोर खजूर. तुम्हाला सांगून ठेवते, किमतीच्या आधी खजूर आला तर उठावं. सेल्समनने एक भलंमोठं नळकांडं काढलं. "सर, पाँच से पच्चीस. टॉप मॉडल."

"दादा, पंचवीस पट! तुम्हाला हवा तो नऊ पटवाला आजकाल घेतं कोण?" श्रीकांतचे डोळे चमकले. मोबाईलचा कॅमेरा, गाडीचं इंजिन, कुकरची लिटरं, आम्हा लोकांना आकडा मोठा दिसला की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

"श्रीकांतराव, हे धूड माझ्या रायफलच्या निम्म्या वजनाचं आहे," दादा म्हणाला. "हलकी बंदूक घ्यायची आणि तिच्या डोक्यावर वरवंटा ठेवायचा? शिवाय पंचवीस पटीत दिसणार काय, हरणाचा कान. आणि हात हलला की तोही गायब."

किंमत साडेचार हजार दिरहॅम. "म्हणजे लाखाच्या वर," मी मोठ्याने म्हटलं, सेल्समनला कळेल इतक्या मोठ्याने. आत डोकावून पाहिलं तर रेटिकल, म्हणजे नेम धरायच्या रेघा, चैत्रातल्या रांगोळीसारखं. ठिपके, आकडे, खाली उतरत जाणाऱ्या आडव्या काड्या. समोर जनावर उभं असताना माणसाने हे वाचत बसायचं का? दादाने डोळ्याकडची कडी मागेपुढे फिरवली, पुन्हा फिरवली आणि नळकांडं खाली ठेवलं. "आत धुकं आहे," म्हणाला. एवढे पैसे मोजून धुकं! मी सेल्समनला दोन शब्द सुनावले आणि आम्ही निघालो.

मग रास अल खैमा, शेजारची अमिरात, तिथे शिकारीच्या सामानाचं एक स्वस्त दुकान आहे असं कळलं होतं. ३११ च्या रस्त्याने गेलात तर सालिकचा टोल लागत नाही, फक्त शारजाच्या बाजूला सकाळच्या गर्दीत आपलं आयुष्य कुठे चाललंय यावर विचार करायला भरपूर वेळ मिळतो. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात. पोचल्यावर सिमेंटच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक खानावळ आहे, चिपळूणच्या गृहस्थांची. "यल्ला, बसा बसा! बांगडा खलास, सुरमई आहे," असं स्वागत झालं. पंधरा दिरहॅममध्ये थाळी, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या वर. मासा ताजा, सोलकढी पाणचट. श्रीकांतने तिथेही शेजारच्या टेबलावरच्या चार पोरांना पंचवीस पटीचं महत्त्व समजावलं. ती बिचारी जेवत होती.

दुकान तंबू, कंदील आणि मासेमारीच्या गळांनी भरलेलं होतं. मालक पेशावरकडचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी आधी दादाच्या परवान्याची प्रत मागितली. तुम्हीही सोबत ठेवा, आणि जिथे नेणार तिथले नियम निघण्याआधी विचारून घ्या. मग त्यांनी एकेक स्कोप मांडला. पहिला दादाला पिवळट वाटला. दुसऱ्याच्या रेघा इतक्या बारीक की दिसेनात. तिसरा चांगला होता म्हणता म्हणता त्यातही धुकं निघालं. माझा पारा चढला.

"भाईसाब, ये कचरा किसको बेचते हो?"

"बाजी, यही माल है. सब ले जाते हैं. आज तक किसी ने शिकायत नहीं की."

"तो आज सुन लीजिए!" मी म्हटलं. मला फार बरं वाटलं तेव्हा.

अखेर एक ठरला. तीन ते नऊ पट, वजनाला हलका, बाहेरच्या चार रेघा जाड आणि मधोमध साधी बारीक फुली. संध्याकाळच्या उजेडात नजर आपोआप मध्ये जाते. डोळा काचेपासून चांगला चार बोटं लांब ठेवता येतो. हलकी रायफल गोळी सुटताना मागे जास्त लाथ मारते, तिथे हे बघितलं नाहीत तर भुवई फुटते. सहाशे दिरहॅम, पंधरा हजारांच्या आत. कुणी विचारलं तर मी हाच घ्या म्हणेन. "मावळतीला पारखून बघू," दादा म्हणाला. मालक म्हणाले, पसंत नाही पडला तर परत आणा, इन्शाल्ला बदलून देतो.

म्हणून तिथल्याच जबल जैस डोंगरावर गेलो. रस्ता लोण्यासारखा, वर वारा बोचरा, शाल न्या. एका वळणावर गाडी लावायला जागा आहे तिथे उतरलो. सूर्य डोंगराआड गेला होता. समोरच्या उतारावर शेळ्या चरत होत्या. दादाने स्कोप डोळ्याला लावला. कडी फिरवली. रुमालाने काच पुसली. पुन्हा लावला.

"हीसुद्धा खराब निघाली," तो म्हणाला. "सगळं दुधात बुडवल्यासारखं."

मी त्याच्या हातातून घेतला, मालकाला काय काय बोलायचं ते मनात जुळवत. डोळ्याला लावला आणि शेळी दिसली. तिच्या हनुवटीची दाढी दिसली, एक मोडकं शिंग दिसलं, तोंडात हलणारी काडी दिसली. फुली तिच्या खांद्यावर स्वच्छ उभी होती. श्रीकांतने बघितलं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि स्कोप मला परत दिला.

मला खोटं बोलता आलं असतं. बदलून आणू म्हटलं असतं. पण दादा तसाच परत गेला असता, नवी काच लावून.

"दादा, काच चांगली आहे रे," मी म्हटलं. "तुझा डोळा दाखवायला हवा."

त्याने नुसत्या डोळ्यांनी त्या शेळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे त्या हरणाच्या वेळचीही चांगलीच होती."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात बराच वाढलेला. ऑपरेशन त्याने नामिबियात जाऊन करून घेतलं. स्कोप आमच्याकडे राहिलाय. प्रवास कसा झाला म्हणाल तर डोंगर सुंदर आहे, सुरमई झकास आहे आणि मी दोन निरपराध दुकानदारांना कचरा विकणारे ठरवून आले. पेशावरच्या आजोबांची माफी मागायला एकदा जाणार आहे.

परवा दादाचा व्हिडिओ कॉल आला. उजव्या डोळ्याने आता लख्ख दिसतं म्हणाला. श्रीकांतने लगेच विचारलं, "मग स्कोप पाठवू का? मोसम सुरू होईल ना?"

"नको. जातो मी फार्मवर रोज संध्याकाळी," दादा म्हणाला. "ते जनावर पळालं त्या झुडपांतून फिरून येतो. बंदूक नाही नेत."