शेजारणीचं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पुण्याहून एक म्हातारी मला दर आठवड्याला फोन करते. "पाणी सुटलं का भाऊ? शेजारणीचं भरलं का?" मी म्हणतो, भरलं. मग ती म्हणते, "पोरीला सांभाळा," आणि फोन ठेवते. पोरगी म्हणजे माझी बायको. म्हातारीला वाटतं, तिच्या सिडकोतल्या घरात आम्ही नवरा-बायको राहतो आणि तिच्या शेजारणीचं पाणी भरतो. ते घर आता नाही. तिथं एका बिल्डिंगचं पार्किंग आहे.

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. घरं, प्लॉट घेणं-विकणं हा माझा जोडधंदा. त्यात माझं भांडवल थोडंच असायचं. माझं खरं काम विकणाऱ्यांचे फोन घेण्याचं. लाईटच्या खांबांवर 'घर विकायचं आहे? थेट बोला' अशा पाट्या मी लावून ठेवलेल्या होत्या. फोन नेमके ड्युटीच्या वेळात यायचे. मी रॅकच्या मागे जाऊन, बेअरिंगच्या खोक्यांमध्ये उभं राहून बोलायचो. बोलायचो म्हणजे ऐकायचो. माझा स्वभाव मुळातच कमी बोलण्याचा. आपण गप्प राहिलो की समोरच्याला कसंतरी होतं, तो बोलत राहतो आणि शेवटी जे सांगायचं नसतं तेच सांगून बसतो. लोकांना मात्र वाटायचं, माणूस सज्जन आहे.

विकणाऱ्याचं नाव मी मोबाईलमध्ये कधी टाकलं नाही. विकण्याचं कारण टाकायचो. 'भावाभावांत वाटणी'. 'मुलीचं लग्न'. 'ऑपरेशन'. कारण कळलं की माणूस किती दिवस थांबू शकतो ते कळतं, आणि ते कळलं की भाव आपल्या हातात येतो. म्हातारीचा नंबर माझ्याकडे 'मुलगा पुणे' असा आहे. अजूनही तसाच आहे.

ती गंगापूरकडची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, रिटायर झालेली. गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. पहिल्याच फोनवर तिनं विचारलं, "तुम्ही डीलर हायेत का?"

"नाही, नोकरी करतो."

"मग राहायला घ्यायलेत का?"

"बघू," मी म्हणालो.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तेव्हा मला स्वतःची ही गोष्ट फार आवडायची.

ज्याच्या भागीदारीत मी व्यवहार करायचो तो डीलर औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत बसायचा. आमच्याकडे धंद्याचं बोलणं हिंदीत सुरू होतं आणि मराठीत संपतं. पत्ता ऐकून तो हसायलाच लागला. "वो सिस्टर? अरे, मेरे को तो गेट परसेच भगाई. डीलरला देतच नाही ती." मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "तू फॅमिली लेके जा. राहणारं गिऱ्हाईक दिसलं तर भाव पण कमी करंल." सिस्टरच्या डाव्या हाताची दोन घरं एका बिल्डरनं आधीच घेऊन ठेवली होती. हे तिसरं मिळालं की त्याला बिल्डिंग उभी करता येणार होती, आणि त्यासाठी तो चढा भाव मोजायला तयार होता.

आम्ही बरीच वर्षं हडकोत भाड्यानं राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी बायकोला एवढंच म्हणालो, "एक घर बघून येऊ." ती लग्नाला जावं तशी तयार झाली. स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "आपल्याला परवडंल का?" मी म्हणालो, बघू.

घर लहानच होतं. समोर अंगण, अंगणात फरशीत बसवलेलं लोखंडी झाकण. आत बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली सिस्टरचा पांढऱ्या गणवेशातला जुना फोटो. बायको स्वयंपाकघरात शिरली ती बाहेरच येईना. वितीनं ओटा मोजत होती, मिक्सर कुठं ठेवायचा, डबे कुठं. मिरच्या वाळवायला ऊन कुठं येतं, तेही विचारून झालं. सिस्टर तिच्या मागं मागं फिरत सगळं सांगत होती, जणू घर विकायचं नसून सुनेच्या हवाली करायचं आहे.

मग तिनं आम्हाला अंगणात नेलं आणि झाकण उचलून दाखवलं. खाली हौद होता. तिच्या आणि शेजारच्या घरामधली भिंत बरोबर त्या हौदावरून गेली होती.

"ह्यो हौद दोघींचा हाय," सिस्टर म्हणाली. "घरं मिळाली तवा हातात पैसे नव्हते, मिळून खांदला. नळ माझ्याकडं, मोटार माझ्याकडं. तिचा एक पाय अधू हाय, ऐकायला बी येत नाय. पाणी सुटलं की मोटार मी लावते आन् पाईप तिच्या टाकीत सोडते. भाव मी कमी करीन, पर तिचं पाणी तोडायचं नाय. डीलरला दिलं तर त्यो पहिला हौद बुजवंल."

आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. घरात हौद असणं म्हणजे काय, तेही.

"आम्ही भरू की त्यांचं पाणी," बायको लगेच म्हणाली. "त्यात काय एवढं."

सिस्टरनं हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. "तू म्हणायलीस, पर हे? तोंडात गुळणी धरलीया का यांनी?"

बायको खळखळून हसली. "घरी पण असेच असतात."

तेवढ्यात भिंतीवरून शेजारीण डोकावली. सिस्टर तिच्या कानाशी जाऊन ओरडली, "राहणारे हायेत! डीलर नाय!"

"पाणी वाया घालवतेत का ते इचार आधी!" शेजारीण तितक्याच जोरात ओरडली. दोघी हसल्या, बायकोही हसली. आणि मग तिघी माझ्याकडे बघत थांबल्या.

"भरू," मी म्हणालो.

सिस्टरनं खरोखरच भाव कमी केला. तो माझ्या बायकोकडे बघून केला होता. पैसे तिला बँकेत पूर्ण मिळाले, त्यात एक रुपयाची फसवणूक नाही, हे मी बरेच दिवस स्वतःला ऐकवत असे. करारनामा माझ्या नावानं केला आणि सोबत मुखत्यारपत्र करून घेतलं, म्हणजे पुढची विक्री तिच्या सहीवाचून मला करता येईल. सही करताना तिनं विचारलं, "हे कशाला आन्?" मी म्हणालो, "तुम्हाला पुण्याहून परत यायला लागू नये म्हणून." तेही खरंच होतं. तिनं किल्ली माझ्या नाही, बायकोच्या हातात दिली आणि मुलाबरोबर पुण्याला गेली.

त्यानंतर मी बायकोला सांगितलं की कागदात घोळ निघाला, घर आपल्याला मिळत नाही. तिनं किल्ली कपाटातून काढून दिली आणि म्हणाली, "सिस्टरला नीट समजावून सांगा. म्हणावं, दुसरं गिऱ्हाईक बघा, पण पाणी भरणारंच बघा." इतकंच. नंतर तिनं पुन्हा कधी घराचा विषय काढला नाही. मी एखाद्या जागेबद्दल बोललो तर 'बघा' म्हणते. हा शब्द तिनं माझ्याकडूनच घेतला असावा.

बिल्डरचे कागद होईपर्यंत घर माझ्या ताब्यात होतं. त्या काळात पाण्याच्या दिवशी मी ड्युटीवरून थेट सिडकोत जायचो, मोटार लावायचो, पाईप शेजारणीच्या टाकीत सोडायचो. मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती भिंतीवरून चहा द्यायची आणि विचारायची, "सामान कवा आणायलेत? बाईला घेऊन या की." मी हातानं 'नंतर' अशी खूण करायचो. तिला ऐकू येत नाही याचं मला बरं वाटायचं. सिस्टरचा फोन यायचा तेव्हा मी 'भरलं' म्हणायचो, आणि ते खरं असायचं. त्या काही आठवड्यांत आपण दिलेला शब्द पाळतो आहोत असं मला मनापासून वाटत होतं. माणूस स्वतःला किती सहज चकवतो ते मला तिथं कळायला हवं होतं.

एकदा मी डीलरकडे विषय काढला. हौद एका कडेला आहे, बिल्डरला सांगून तेवढा ठेवता येईल का, नळाचं कनेक्शन त्या बाईच्या नावावर करून देता येईल का. तो चहाचा घोट घेता घेता थांबला. "हौद? तू क्या नगरपालिका है?" खोलीतले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. बिल्डरकडे मी गेलोच नाही. गेलो असतो तर तो नाही म्हणाला असता की नाही, कुणास ठाऊक. कदाचित हो म्हणाला असता. मला तेच जास्त छळतं.

किल्ली बिल्डरला दिली. जेसीबी कधी आला ते मी बघायला गेलो नाही. त्याच आठवड्यात सिस्टरचा फोन आला. मी रॅकमागे उभा होतो. "भरलं का शेजारणीचं?" तिनं विचारलं. मी नेहमीप्रमाणे गप्प राहून पाहिलं. पण ती मला घाबरणाऱ्यांतली नव्हती. तीही गप्प राहिली, उत्तराची वाट बघत. मी म्हणालो, "भरलं."

शेजारणीकडे मोबाईल नाही, असता तरी तिला ऐकू आलं नसतं. गल्लीतली जुनी माणसं बरीचशी विकून गेलेली. म्हणून हे इतके दिवस टिकलं.

बिल्डिंग उभी राहिल्यावर एकदा मी तिकडे गेलो. कशासाठी गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. शेजारीण दारात बसली होती, समोर दोन बादल्या आणि एक घागर. बिल्डिंगच्या बोअरचं पाणी वॉचमनची मर्जी असेल तेव्हा तिला मिळतं, एरवी ती टँकरचं विकत घेते. भिंतीपलीकडं, हौद होता तिथं, कुणाची तरी पांढरी कार उभी होती. तिनं डोळ्यांवर हात धरून मला निरखून पाहिलं.

"तुम्ही ते नव्हं का? सिस्टरच्या घरात राहायला येणार व्हते ते?"

मी मान हलवली. नाही.

"नाय?" ती म्हणाली. "लई तसंच दिसायलेत." मग स्वतःशीच बोलल्यासारखी, पण ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, "त्यांची बायको चांगली व्हती. काय झालं कुणाला ठावं. पैसं कमी पडलं असतील बिचाऱ्यांना."

मी स्कूटर वळवली.

परवा पाण्याच्या दिवशी सिस्टरचा फोन आला. सगळं नेहमीसारखं विचारून झाल्यावर म्हणाली, "पोराला सुट्टी लागली की येते. एक दिवस शेजारणीजवळ राहीन, एक दिवस तुमच्याकडं. पोरीच्या हातचा चहा प्यायचाय." मी म्हणालो, "या." फोन ठेवल्यावर बराच वेळ रॅकमागेच उभा राहिलो. स्टोअरचा मदतनीस हाका मारत आला, तेव्हा बाहेर आलो.

ती येईल तेव्हा गल्लीत शिरतानाच तिला कळेल. त्याआधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं, आणि तिच्याही आधी बायकोला, कारण पाणी भरायचा शब्द तिनं दिला होता आणि तो दाखवून मी घर घेतलं. ती शेजारीण मात्र कुणाचीच वाट न बघता पाणी भरते आहे. तिला मी तिच्या अंगणात एक हौद आणि तिच्या नावाचं नळाचं कनेक्शन देणं लागतो. सिस्टरला आणि बायकोला, घडलं तसं सगळं सांगायचं देणं लागतो. यातलं मी अजून काहीच दिलेलं नाही.