चुकलेल्या चालीपर्यंत मागे

नातवंडं घरात बुद्धिबळाचा पट मांडतात तेव्हा ती घटना आजही आठवते, आणि मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जातो.

तेव्हा मी अकोला जिल्ह्यात ठाणेदार होतो. बार्शीटाकळीजवळच्या गावचा एक तरुण ड्रायव्हर वरूडहून संत्री भरून निघाला, तो घरी पोचलाच नाही. गाडी नांदगाव पेठजवळ रस्त्याच्या कडेला मिळाली. संत्री जागच्या जागी, माणूस गायब. मिसिंगची तक्रार दाखल झाली, नाले-झुडपं पालथी घातली, हाती काही लागलं नाही. त्याची बायको दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायची. कपाळावर ठसठशीत कुंकू. "साहेब, काही मालूम पडलं काय?" एवढंच विचारायची आणि निघून जायची. आरडाओरडा करणारे नातेवाईक परवडतात, ही बाई परवडत नव्हती.

बऱ्याच काळाने अमरावतीच्या कारागृहातल्या ओळखीच्या हवालदाराचा फोन आला. तिथे एक निवृत्त गणित शिक्षक कैद्यांना बुद्धिबळ शिकवायला येत. मला ती थेरं वाटायची. त्यांचा नियम असा, की हरणाऱ्याने पट मागे लावायचा आणि आपली चुकलेली चाल स्वतः दाखवायची. समोरच्याला दोष द्यायचा नाही. चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा एक कैदी पट लावता लावता बोलून गेला होता, "माहा डाव तं त्या संत्र्याच्या गाडीतच गेला." ते ऐकून हवालदाराला आमची केस आठवली.

कोर्टाची परवानगी घेऊन मी गेलो. विचारलं तर म्हणाला, "मले काय मालूम? संत्र्याच्या गाड्या लय असतात." चौकशीला सरावलेला माणूस नजर चुकवत नाही, फक्त प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. हा तसाच देत होता. पुढच्या महिन्यात तो सुटणार होता, त्यामुळे घाई मला होती, त्याला नव्हती.

दुपारपर्यंत डाळ शिजली नाही. शेवटी सरांनी पट आणला आणि आम्हा दोघांना बसवलं. मी हरलो. नियमाप्रमाणे पट मागे लावून चूक दाखवली.

तो मान हलवत म्हणाला, "नाई साहेब. तुमी एकच चाल मागं गेले. घाईनं वजीर बाहेर काढला ना, तुमचा डाव तवाच गेला होता."

"आणि तुझा?" मी विचारलं.

या वेळी उत्तर लगेच आलं नाही. हातातलं प्यादं त्याने त्याच्या मूळ घरात परत ठेवलं.

"म्या हात दाखवला. ओळखीचा दिसलो म्हनून त्यानं गाडी थांबवली. मले तं फक्त त्याचा मोबाईल अन् खिशातले पैसे पायजे होते. पन ओळखीचा होता ना साहेब. म्हनूनच मारा लागलं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. आरोपीने दाखवलेल्या जागी पंचांसमक्ष जे सापडतं, ते टिकतं. रीतसर ताबा घेऊन आम्ही त्याला नेलं. संत्र्याच्या बागेमागच्या पडीक विहिरीकडे त्याने बोट केलं. हाडं निघाली, सोबत हातातलं एक कडं निघालं. खटला चालला, जन्मठेप झाली. निकालानंतर सरांनी मला विचारलं, "मी त्याचं भलं केलं की वाईट?" गप्प राहिला असता तर तो महिन्याभरात मोकळा झाला असता. नोकरीत मी पुष्कळांना त्यांच्या गुन्ह्यापर्यंत मागे नेलं. हा त्याच्याही मागे, आपल्यासाठी थांबलेल्या गाडीपर्यंत, आपल्या पायांनी गेला. एवढं मागे जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यासाठी त्याला जन्म मोजावा लागला.

खटल्याआधी कडं ओळखायला ड्रायव्हरच्या बायकोला बोलावलं होतं. तिने ते हातात घेतलं, पदराने पुसलं आणि त्याच पदराने कपाळ पुसलं. रडली नाही. जाताना दारात थांबली.

"रोज रातच्याले दाराची कडी काढून ठेवत होती साहेब," ती म्हणाली. "आता लावा लागन."