राखाडीमामांचं नाक

कोपऱ्यावरच्या त्या चिंचोळ्या फोटो स्टुडिओचा मालक अख्ख्या गल्लीचा मामा. पोरं मामा म्हणत ते ठीक, पण बायकासुद्धा दुकानात पाय टाकायच्या आधीच "अहो मामा" करून हाक मारत, आणि तेच त्या माणसाचं खरं दुखणं होतं. पन्नाशी ओलांडली तरी लग्नाचा पत्ता नाही. असणार कसा? जी समोर येईल ती पहिल्याच वाक्यात भाचीच्या नात्यात शिरणार, मग पुढे बोलायचं काय, कपाळ!

राखाडी हे विशेषण धंद्यातून चिकटलेलं. कॅमेरा रंगीत फोटो काढतो म्हणून मामा नाइलाजाने रंगीत काढायचे, पण गिऱ्हाईक स्टुलावरून उठेपर्यंत कॉम्प्युटरवर त्याचे रंग उतरवून मोकळे. "रंग म्हणजे गोंगाट," ते म्हणत. "गोंगाट थांबला की मग माणूस दिसतो." आणि रंग उतरवायचे म्हणजे नुसते पुसायचे नाहीत बरं का. पडद्यावर प्रत्येक रंगाची एक पट्टी असते. लाल पट्टी उजवीकडे सरकवली की फोटोत जे जे म्हणून लाल ते उजळतं, डावीकडे नेली की काळवंडतं. टोमॅटो हवा तर दुधाचा करा, हवा तर कोळशाचा.

दुकानात एक पाटीही होती: "पट्टी सरकवून मिळेल. चेहऱ्याला ब्रश लागणार नाही." म्हणजे फोटो सगळा मिळून काय उजळायचा तो उजळेल, पण एकट्या मुरुमावर किंवा सुरकुतीवर बोळा फिरवणं बंद. या पाटीपायी मामांनी गल्लीत पुष्कळ शत्रू जोडले होते. समोरच्या सलूनवाल्याची बायको एकदा म्हणाली, "मामा, हनुवटी तेवढी एकच ठेवा."

"वहिनी, दोन आहेत तर दोन दिसू द्या की," मामा म्हणाले. "एक माझ्याकडे राहिली तर मी तिचं काय करू?"

वहिनींनी बोलणं सोडलं. सलूनवाला मात्र बोलत राहिला, गोड गोड. माणूस गोड बोलायला लागला की सावध व्हावं, पण मामांना रंगांपलीकडे कशाचाच संशय येत नसे.

अशात मामांच्या ताईने एक स्थळ आणलं. शेजारच्या शहरातल्या ग्रंथालयात काम करणाऱ्या बाई, वयाने मामांच्या आसपास, आत्तापर्यंत कुणाला हो म्हणायची गरज न पडलेल्या. त्यांचा फोटो ताईच्या फोनवर आला. मामांनी सवयीने तो कॉम्प्युटरवर घेतला, रंग उतरवले, सहज निळी पट्टी उजवीकडे, लाल डावीकडे नेली, आणि पावडरीखालून नाकावर, गालांवर बारीक बारीक ठिपके वर आले. कुणीतरी पेनाने शिंतोडे उडवावेत तसे. मामा गारद! मग पासपोर्टचा फोटो कापायचा आणि ठिपके बघायचे, लग्नाचा अल्बम लावायचा आणि ठिपके बघायचे.

"ताई," ते एक दिवस म्हणाले, "या नाही म्हणाल्या तर मी शटर ओढून आत बसेन."

"बस, पण आधी फोटो दे तुझा. त्या मागताहेत."

इथे घोडं अडलं. गल्लीतल्या मांजरीचा फोटो मामांकडे होता, स्वतःचा नव्हता. ताईने कॅमेरा हातात घ्यायचं ठरलं आणि मामा तयारीला सलूनमध्ये गेले.

"केस काळे करून दे."

"काळे फार खोटे दिसतात हो मामा," सलूनवाला म्हणाला. "जरा तपकिरी झाक देतो. भारदस्त दिसाल."

झाक कसली! मामा बाहेर पडले ते घासून लख्ख केलेला तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊन. सलूनच्या दारात वहिनी दोन्ही हनुवट्या हलवत हसत होत्या.

त्यात मामांचं नाक. जरा थंडी वाजली, जरा लाज वाटली की लालबुंद. संध्याकाळी मामा काय पितात यावर गल्लीत बरीच चर्चा होती. खरं तर बिचारा चहाच्या पुढे गेला नव्हता. ताई कॅमेऱ्यामागून ओरडत होती, "हस! अरे हस म्हटलं, दात दाखव नाही म्हटलं!" आणि नाक दिव्यासारखं पेटत होतं.

फोटो पडद्यावर आला. ताईने डोळ्यांवर हात ठेवला. मामांनी रंग उतरवले आणि लाल पट्टी उजवीकडे नेली. नाक शहाण्यासारखं उजळलं. पण त्याबरोबर तांबडे केसही उजळले. पांढरेशुभ्र!

"अरे, वीस वर्षांनी म्हातारा झालास! मागे घे, मागे!"

मामांनी पट्टी डावीकडे नेली. केस काळेभोर झाले, आणि तोंडाच्या मधोमध कोळसा चिकटवल्यासारखं नाक.

"मूर्खा, नाकाला तेवढा ब्रश लाव ना! कोण बघतंय?"

मामांनी पाटीकडे पाहिलं. मग समोर सलूनच्या दारात टपून बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. एका नाकासाठी पाटी मोडली तर त्या हनुवटीचं काय उत्तर द्यायचं? त्यांनी डोळे मिटले, पट्टी उजवीकडे ढकलली आणि पांढऱ्या केसांचा फोटो पाठवून दिला.

दिवस गेले. उत्तर नाही. ताई येता-जाता "ब्रश, ब्रश" एवढंच म्हणायची. मामा दोनदा शटरला तेल घालून आले.

आणि एका दुपारी काउंटरसमोर एक बाई उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर पावडर, हातात फोन, फोनवर मामांचा फोटो.

"या गृहस्थांना भेटायचंय. तुमचे थोरले भाऊ का?"

नाक पेटलं. "तो... मीच."

बाईंनी फोनकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं. "घरी मी छाती ठोकून सांगून आलेय, की केस न रंगवणारा एक तरी पुरुष सापडला. आणि हे काय डोक्यावर?"

तोंडाने सांगता येईना म्हणून मामांनी बाईंना काउंटरमागे कॉम्प्युटरपाशी नेलं आणि फोटो उघडून दाखवला. लाल पट्टी उजवीकडे, म्हातारा. डावीकडे, कोळसा. उजवीकडे, डावीकडे. बाईंनी आधी ओठ दाबले, मग त्यांना हसू आवरेना. शेवटी माउस हिसकावून त्या स्वतःच पट्टी खेळवायला लागल्या. "थांबा हो, एकदा परत कोळसा!"

हसता हसता त्यांना शेजारची फाइल दिसली. त्यांनी ती उघडली. स्वतःचाच फोटो, राखाडी, नाकभर ठिपके. हसू बंद.

"हे कसे दिसले? मी चांगली पावडर थापली होती."

"लाल पट्टी, डावीकडे," मामा पुटपुटले. "ब्रश नाही लावला, शपथ. मला तेच तर... त्या ठिपक्यांसाठीच तर मी..." पुढचं सगळं नाकाने सांगितलं.

बाई उठल्या. मामांना वाटलं, संपलं. शटर कुठल्या बाजूने ओढायचं तेही आठवेना. पण बाई दाराकडे गेल्याच नाहीत. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या आणि खसाखसा तोंड धुवायला लागल्या. मग ओला चेहरा वर करून, डोळे मिटूनच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडल्या,

"अहो! टॉवेल कुठे ठेवलाय?"

नुसतं अहो. पुढे मामा नाही! समोर सलूनवाल्याची कात्री जागच्या जागी थांबली. मामांना टॉवेल सापडेना, म्हणून त्यांनी फोटोमागे लावायचा काळा पडदाच ओढून काढला आणि दांडीसकट घेऊन धावले.