बंगळूरची अर्धा पेला कॉफी

अर्ज बाबांनी परस्पर पाठवला होता. मला कळलं ते थेट बोलावणं आल्यावर. बंगळूरच्या एका नव्या घड्याळाच्या कारखान्याला जुळणीच्या कामासाठी मुली हव्या होत्या, आणि मिरजेतल्या एका घड्याळजीच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला, म्हणजे मला, हाताच्या चाचणीला हजर राहायचं होतं. मी कडाडून भांडले. "मला विचारलंत का?" बाबा म्हणाले, "आता विचारतोय. सोमवारी निघायचं ना?" असा माणूस! त्याच्याशी भांडणार तरी कसं?

तर मंडळी, बंगळूरला कसं जायचं, काय खायचं, असं तुम्ही मला इथे नेहमी विचारता. हा माझा पहिला प्रवास साठच्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यातली गाड्यांची आणि भाड्यांची माहिती आता कुणाच्या उपयोगाची नाही. तरी सांगते, कारण त्या चार दिवसांनी मला जे वळण लावलं ते अजून सुटलेलं नाही.

आमचं दुकान तेव्हा रडतखडत चाललं होतं. वर्षभर बाबा बायकांची बारीक घड्याळं "वेळ नाही" म्हणून परत पाठवायचे, नाहीतर "सराव कर" म्हणून माझ्यापुढे सरकवायचे. आई नव्हती, धाकटी दोघं शाळेत. मला नोकरी लागली नाही तर घर कसं चालायचं, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि बाबांचे नियम म्हणजे नुसता जाच. चिमटा उचलायच्या आधी दोन्ही कोपरं टेबलावर. श्वास सोडायचा, मग उचलायचं. हातात चिमटा असताना बोलायचं नाही, बोलायचं असेल तर चिमटा खाली. मांडीवर पांढरा रुमाल. आणि काही पडलं तर जागचं हलायचं नाही: आधी ऐकायचं, मग बघायचं, हात सगळ्यात शेवटी. मी मुलखाची उतावळी. एकदा पडलेला स्क्रू शोधायला ताडकन उठले आणि तो माझ्याच पायाखाली गेला. बाबा रागावले नाहीत, नुसते बघत राहिले. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

मिरजेहून सकाळची गाडी. तेव्हा ती छोट्या रुळांवरून जायची आणि बंगळूरला पोचायला जवळजवळ एक दिवस लागायचा. वळकटी, पाण्याची सुरई, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, एवढं घेतलं की तिसरा वर्ग सुखाचा. बेळगाव गेलं, झाडी सुरू झाली आणि मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बाबा नको म्हणत होते. इंजिनाचा कोळशाचा कण बरोबर उजव्या डोळ्यात! दोन दिवसांनी ज्या डोळ्याला भिंग लावायचं, तोच डोळा.

"चोळू नकोस! हात खाली!" बाबा एवढे मोठ्याने ओरडले की अख्खा डबा वळला.

आता हा घड्याळजी. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा. लेकीच्या डोळ्यातला कण त्याने काढावा की नाही? पण नाही. समोर धारवाडच्या एक बाई बसल्या होत्या, त्यांना म्हणाले, "ताई, जरा तुम्ही काढता का?" त्या माउलीने ओल्या पदराच्या टोकाने कण अलगद टिपला. माझा डोळा लाल झाला होता आणि डोकं त्याहून लाल. हुबळीपर्यंत मी बाबांशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर. बाहेर पडल्यावर थंडीच वाजली, आणि आम्ही निघालो होतो ते मिरजेच्या उन्हाळ्यातून. स्टेशनसमोरच्या हॉटेलात इडली खाल्ली. कापसासारखी मऊ, चटणी पाहिजे तितकी, दोघांचं मिळून रुपयाच्या आत. मग पितळी पेल्यात काठोकाठ कॉफी आली. बाबा म्हणाले, "अर्धाच द्या." पोऱ्या नव्हे, चांगला मिशीवाला वाढपी होता तो. म्हणाला, "हाफ इल्ला सार, फुल्ल!"

बाबांनी पेला माझ्याकडे सरकवला. "तू ओत त्यातली अर्धी तुझ्यात."

"तेवढंही मीच करायचं का?" मी फणकारले. ओतली मात्र.

मुक्काम मल्लेश्वरमला, कमलाक्कांकडे. त्या बाबांच्या मामेबहीण, वयाने मोठ्या, बाबांना 'गोविंद' म्हणून हाक मारणाऱ्या. लग्न होऊन पंचवीस वर्षं तिथेच, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायच्या. "स्वल्प विश्रांती घे गं, डोळा बघ कसा झालाय!" म्हणून त्यांनी गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. संध्याकाळपर्यंत लाली उतरली. बाबा माझ्याकडून टेबलावर मोहरीचे दाणे चिमट्याने उचलून घेत होते. "सावकाश. कोपरं." मी म्हटलं, "बाबा, आता पुरे हो! वेड लागेल मला."

चाचणीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात अक्कांनी मला हळूच जवळ ओढलं.

"गोविंदाचा हात बघितलास का?"

"काय झालं हाताला?"

"काल तुझ्या फॉर्मवर पालक म्हणून सही केली ना, मी शेजारी होते. कापतोय गं. पेला खाली ठेवून, वाकून पितो तो. दोन्ही हात कापतात. तुला माहीत नाही?"

नाही. मला माहीत नव्हतं. शेजारी बसून वर्षभर काम करत होते आणि मला दिसलं नव्हतं. परत पाठवलेली घड्याळं, डोळ्यातला कण, अर्धी कॉफी, सगळं एकदम समोर आलं. टेबलावर रोवलेली ती कोपरं, तो सोडलेला श्वास, ती शिस्त नव्हतीच नुसती. त्या आधारावर त्यांनी इतके दिवस दुकान रेटलं होतं. अक्का म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस आत्ता. जा, नीट कर."

नीट कर म्हणे! ते आता सोपं होतं का? शहराबाहेर जाणाऱ्या बसमध्ये बाबा माझ्या शेजारी मांडीखाली हात दाबून बसले होते. मी सारखी तिकडेच बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

फाटकाशी पालकांना थांबवलं. आत लांब टेबलं, खिडक्यांतून स्वच्छ उजेड, आम्ही तीसेक मुली. प्रत्येकीपुढे एक पितळी पट्टी, तिला वीस भोकं, आणि बशीत वीस स्क्रू, तिळाहून बारीक. घंटा झाली की सुरू, घंटा झाली की बंद. पांढऱ्या कोटातले पर्यवेक्षक मागे हात बांधून फिरत होते. कुणीच मांडीवर रुमाल घेतला नव्हता. मग मीही लाजेने कमरेलाच खोचून ठेवला.

घंटा झाली. सहा झाले, सात झाले. हात लटपटत होता. तेवढ्यात शेजारच्या मुलीचा स्क्रू उडाला. "अय्यो!" म्हणत ती उठली, साडी झटकली, आणि संपलं. खाली वाकून रडायलाच लागली बिचारी. मी चिमटा खाली ठेवला. रुमाल काढून मांडीवर पसरला. कोपरं रोवली. श्वास सोडला. आपला हात कापला तर बाबा काय करतात, ते मी केलं.

सतराव्याला माझाही उडाला.

पाय उठायला निघाले होते, ते दाबून धरले. आधी ऐकलं. फरशीवर टिक् झालं नाही. म्हणजे माझ्याच अंगावर कुठेतरी. मान न हलवता नुसते डोळे खाली नेले. रुमालावर नाही. छातीत असं धडधडत होतं की त्या धक्क्यानेच तो घरंगळेल असं वाटलं.

"याकम्मा, सुम्ने कूतिद्दीया?" पर्यवेक्षक मागून येत होते. उगाच का बसलीस, असं विचारत. मिरजेच्या माणसाला एवढं कानडी कळतंच.

"स्क्रू," मी ओठातल्या ओठात म्हटलं.

आणि तो माणूस होता तिथेच थांबला. पुढचा पाय त्यांनी खाली टेकवलाच नाही. मला एवढा धीर आला म्हणून सांगू! मग दिसला, डाव्या बाहीच्या काठाच्या दुमडीत. चिमट्याने उचलला, बसवला. घंटा झाली तेव्हा दोन भोकं रिकामी होती.

पुढचा तासभर बाकावर काढला तो वैऱ्यावर येऊ नये. वीसच्या वीस भरणाऱ्या चौघी होत्या. माझी अठरा. नावं वाचायला लागले, आठ झाली, नऊ झाली. अकरावं माझं होतं.

पर्यवेक्षकांनी विचारलं, "पडल्यावर हलायचं नाही, हे कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. फाटकाशी उभे आहेत."

ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. पर्यवेक्षकांनी हात पुढे केला. बाबांनी दोन्ही हात घट्ट जोडून नमस्कार केला.

"आम्हाला मुलींना शिकवायला माणूस पाहिजे," पर्यवेक्षक कानडीत म्हणाले. "तुमच्यासारखाच. उद्या सकाळी या, एक छोटी चाचणी देऊन टाका."

बाबांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, एक क्षणभर. मग त्यांनी आपल्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. आयुष्यभर ज्याची वाट बघावी असं काम समोर उभं होतं आणि ते ना हो म्हणू शकत होते, ना नाही.

मी जन्माची आगाऊ. त्या दिवशी मात्र आधी श्वास सोडला, मग बोलले.

"दुकान आहे त्यांचं मिरजेत. गिऱ्हाइकं सोडत नाहीत त्यांना."

"सरी, सरी," म्हणत पर्यवेक्षक आत गेले. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला कळलंय हे त्यांना कळलं. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते आणि मी आतल्या बाजूला, दोन्ही डोळे शाबूत. दावणगेरेला फक्त म्हणाले, "अठरा चांगले आहेत."

त्या कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत राहिले. तुम्ही विचाराल, बंगळूरहून काय आणायचं? कॉफीची पूड आणा, चंदनाचा साबण आणा. मी मात्र एकच गोष्ट घेऊन आले. काही हातून निसटलं की आधी थांबते. जावयाशी भांडतानासुद्धा, कधीकधी.

मिरजेला पोचलो त्या दिवशी मी चहा केला आणि सवयीने बाबांचा कप अर्धाच भरला. त्यांनी तो परत माझ्यापुढे सरकवला. "भर पुरा."

मी काठोकाठ भरला. त्यांनी माझ्यादेखत तो उचलला, कोपर कुठेही न टेकवता. कप बशीवर खडखडला. चहा बशीत सांडला, टेबलावर ओघळला, थोडा सदऱ्यावर गेला. त्यांनी लपवलं नाही.

मी जागची हलले नाही. त्यांचा कप रिकामा होऊ दिला, आणि मगच फडकं आणायला उठले.