शाकाहारी घरातली पाकोळी

शेवगावात खोली भाड्यानं देताना मावशींनी, म्हणजे माझ्या घरमालकीणबाईंनी, एकच अट घातली होती. मटण, मासे, अंडी उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. त्या माळकरी. मी जन्मापासून वरणभातावर वाढलेली, त्यामुळं लगेच मान हलवली. मी किडे खाणाऱ्या पाकोळ्यांचा, म्हणजे लहान वटवाघळांचा अभ्यास करते, हे त्यांना माहीत होतं. पाकोळ्या राहायच्या गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत. कुणाचीच अडचण नव्हती.

मग एकीचा पंख फाटला. रीतसर परवानगी काढून मी तिला खोलीवर आणली आणि कापडी पिशवीत घालून दारामागच्या खुंटीला अडकवली. दोन दिवसांनी झाडताना मावशींनी पिशवी हलताना पाहिली.

"खातंय काय हे?"

"अळ्या."

"मेलेल्या?"

"जिवंत."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला. घराबाहेर काढलं असतं तर मला दुसरी खोली मिळाली असती. पाकोळीचं अवघड होतं.

"तू खातीस का?"

"नाही हो!"

"मंग अट तुला हाय, तिला न्हाई. पर त्यो अळ्यांचा डबा माज्या सैपाकघराकडं आनायचा न्हाई."

पंख हळूहळू भरून आला. पण चिमट्यानं भरवून घ्यायची तिला अशी सवय लागली, की अळी जरा लांब धरली तर बाईसाहेब जागच्या हलायच्या नाहीत. मानापानाला बसलेल्या विहिणीसारख्या वाट बघायच्या. शिकार विसरलेल्या पाकोळीला सोडायचं म्हणजे उपाशी मारायचं. माझी झोप उडाली. मी नगरला गेले की भरवायचं काम मावशींकडं. त्या एका हातानं गळ्यातली माळ पदराखाली झाकायच्या आणि दुसऱ्या हातानं, तोंड फिरवून, अळी पुढं करायच्या.

शेवटी एका संध्याकाळी अंगणात पिशवी उघडली. ओट्यावरच्या ट्यूबभोवती पतंग फिरत होते. पाकोळी उडाली, ट्यूबला एक चक्कर मारली आणि काहीच न खाता पुढं गेली. दुसऱ्या चकरेला मला बघवेना. मी डोळे मिटून घेतले.

"खाल्ला!" मावशी ओरडल्या. "खाल्ला गं माज्या बाईनं!"

डोळे उघडले तेव्हा पाकोळी विहिरीच्या दिशेनं निघाली होती. मला रडू आवरेना. मावशींची माळ पदराबाहेर लोंबत होती. ट्यूबवर आणखी एक पतंग आपटला, तशा त्या अंधाराकडं बघून हाका मारायला लागल्या.

"अगं, ह्यो बी खाऊन जा की!"