झाकणावरचा अंगठा

“आज डबे दाबून बघायला कुणी नाही, बिनधास्त उघडा,” आचारी हसत म्हणाला. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत, विहारामागच्या मंडपात सुधाकरकाका गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा स्वयंपाक चालला होता. मी बाजूला ताटं पुसत होते. त्याच्यावर कुणी रागावलं नाही. काकांची ती सवय सगळ्यांनाच माहीत होती.

काका सरकारी अन्न निरीक्षक होते. लग्नाला गेले तरी आधी स्वयंपाकाच्या मंडपात शिरायचे आणि रसगुल्ल्याच्या प्रत्येक डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून पाहायचे; झाकण फुगलेलं असलं तर आतला माल नासलेला. बारीक अक्षरं वाचायला मला हाक मारायचे, “ये इंग्लिश मिडियम, वाच काय लिहिलंय.” चारचौघांत तोंड न उघडणारी मी त्यांच्यासाठी मात्र मोठ्याने वाचायचे.

मी नववीत असताना ते पंच घेऊन पप्पांच्याच किराणा दुकानात आले. आंब्याच्या रसाचे डबे फुगले होते. “तारीख आहे की अजून,” पप्पा म्हणाले. “तारीख कारखान्याने घातलीय. दादा, झाकण बघ.” सगळा माल जप्त झाला. कचरा डेपोवर काकांनी एकेक डबा पहारीने फोडायला लावला, वर फिनेल ओतलं आणि मगच जेसीबीने माती लोटली. नुसते पुरले तर लोक उकरून नेतात, खातात, असं ते म्हणायचे. पप्पांना वाटलं, सख्ख्या भावाने बाजारात आपली अब्रू घालवली... दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. काकूकडून भाजीचा डबा यायचा, आई तो रिकामा पाठवायची नाही, एवढंच काय ते येणं-जाणं उरलं. काका रस्त्यात भेटले की विचारायचे, “दादाचं बीपी बरंय ना?” पप्पांनी उलट कधी विचारलं नाही. शेवटी पप्पा हॉस्पिटलमध्ये पोहोचले तेव्हा काका शुद्धीवर नव्हते.

काकांना आवडायचे म्हणून पुण्यानुमोदनाला रसगुल्ले पप्पांनीच आणले होते. आचाऱ्याला एकेक डबा तेच काढून देत होते. एका डब्याचं झाकण मधोमध वर आलेलं मला दिसलं. न राहवून मी अंगठा ठेवला. झाकण आत गेलं आणि टक्कन परत वर आलं. पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा डोळ्यांजवळ नेला. “तारीख आहे अजून,” ते म्हणाले. आचारी कटर घेऊन थांबला होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

“पप्पा,” मी म्हणाले, “झाकण बघा.”